हौदाखालची ओल

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला गोठा दाखवायला नेलं. देवघर नंतर, आधी गोठा. राजूरच्या आसपासच्या खेड्यांत तेव्हा संकरित गाई मोजक्याच घरी होत्या, आणि आमच्या घरी त्या चांगल्या ओळीनं बांधलेल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या, उंच, वशिंड नसलेल्या.

"लक्ष्म्या आहेत. हात जोड," सासूबाई म्हणाल्या.

मी हात जोडले आणि श्वास रोखून धरला. मी जुन्या जालन्यात वाढलेली. आमच्या बोळाच्या दोन्ही अंगांना धान्याची गोदामं होती, त्यामुळं पोत्यात मेलेल्या उंदराचा वास मला नवा नव्हता. पण तो वास गल्लीत असायचा आणि दार लावलं की संपायचा. इथला वास अंगाला चिकटत होता.

गोठ्याच्या तोंडाशी दगडी हौद होता. त्यातलं पाणी हिरवं, वर शेवाळाची साय. हौद एका कोपऱ्यातून झिरपायचा, आणि त्याच्या पायथ्याशी काळ्या चिखलाचं एक डबकं कायमचं साचलेलं होतं. गाई त्या डबक्यात खुरं बुडवून उभ्या राहायच्या, हौदात तोंड घालून पाणी प्यायच्या आणि पिता पिता तिथंच मुतायच्या. त्यांचं मूत हौदाच्या कडेवर उडायचं. सगळं शिवार उन्हाळ्यात तडकून जायचं, विहिरी तळाला जायच्या, पण ते डबकं काही आटायचं नाही. आमच्या गावात वैशाखात ओल म्हणून कुठं होती, तर ती तिथं.

आणि त्याच हौदातलं पाणी तांब्यानं घेऊन माझी थोरली जाऊ कासा धुवायची, बादली विसळायची.

तिला मी अक्का म्हणायची. माझ्याहून बऱ्याच वर्षांनी मोठी, अंगानं दणकट, बोलायला फटकळ. गोठा तिच्या एकटीच्या जिवावर चालायचा. थोरले दीर शेत बघायचे, माझा नवरा राजूरला बियाण्याच्या दुकानात कामाला होता आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून गाईंचं कौतुक करायचे. अक्काच्या बोटांना बारमाही भेगा होत्या. खोल, काळ्या. त्या भेगांत शेण भरलेलं असायचं, आणि त्याच हातानं ती भाकरी मोडायची. माझ्या ताटात भाकरी पडली की मी तिच्या बोटांकडं बघायची नाही.

"हौद उपसून एकदा घासू या का?" मी पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं.

"प्यायला पाणी न्हाई अन् हिला हौद घासायचाय!" अक्का हसली. "शेठाणी आणली बाई आपण जालन्याहून."

ते नाव मला चिकटलं. नाकाला पदर लावलेला दिसला की घरातलं कुणीही म्हणायचं, शेठाणी आली.

गोठ्याला लागून पत्र्याची खोली होती, सरकी पेंडीची पोती ठेवायची. तिथं उंदरांचं राज्य होतं. दिवसाढवळ्या पोत्यांवरून पळायचे. पोत्यांचा तळ त्यांच्या मुतानं ओला असायचा आणि डोळ्यांत झोंबेल असा दर्प यायचा. एकदा मी पेंड काढायला हात घातला तर बोटांना काहीतरी ऊबदार, मऊ लागलं. बाहेर काढून बघते तर उंदराची पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांत वळवळणारी. मी पाटी फेकून दिली. अक्कानं ती पिल्लं मुठीत धरून भिंतीपलीकडं टाकली, आणि त्याच पोत्यातली पेंड पाटीत भरून गाईंपुढं ठेवली.

मी औषध आणायचं म्हटलं तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारं घर. "त्याचं वाहन मारायचं अन् त्याच्याच दारात नारळ फोडायचा व्हय?" त्यांचं म्हणणं खरं भक्तीचं होतं, हे मी मान्य करते. पण मला त्या पोत्यांचा तळ दिसत होता.

मंग एका पावसाळ्याआधी मामंजींनी बाजारातून आणखी एक गाय आणली. धष्टपुष्ट, शांत, दुधाला चांगली. आणली तशी सरळ इतरांच्या ओळीत बांधली. पाऊस पडला, डबकं पसरून गोठ्याच्या आत आलं, आणि श्रावणात पहिली गाय टाकली. म्हणजे तिचा गाभ पडला.

मी सकाळी अक्काला चहा घेऊन गेले होते. गोठ्यातलं मूत वाहून नेणाऱ्या नालीत काहीतरी पडलेलं दिसलं. आधी वाटलं, ओलं पोतं आहे. मंग त्याला पाय दिसले. पुरं वासरू होतं, पण केस नसल्यासारखं, सुजलेलं, कातडी शेवाळी पिवळी पडलेली. पोटातच मरून कुजायला लागलेलं. गावातलं एक कुत्रं त्याला चाटत होतं. गाईच्या मागं वार, म्हणजे गर्भाची पिशवी, लोंबत होती, तिच्यावर माशा.

अक्का आली, कुत्र्याला लाथ घातली, ते वासरू दोन्ही हातांनी उचललं आणि उकिरड्यावर टाकून आली. हात कडब्याला पुसले. आणि पुढच्या गाईखाली बसून धार काढायला लागली.

मी तिथंच ओकले. चहासकट.

गंमत अशी झाली की दुपारपर्यंत गावभर बातमी गेली, धाकटीला दिवस गेलेत. बायका चिंचा घेऊन आल्या. सासूबाई खूश. "तसं काही न्हाई, मला गोठ्याची किळस आली," असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जो पडला, तो पुढं कधी माझ्यासाठी नीट वर आला नाही. "घरच्या लक्ष्मीची किळस!" त्या म्हणाल्या. "तू नाक मुरडती म्हनून गाय टाकली. जनावराला कळतं सारं."

त्यानंतर दुसरी टाकली. मंग तिसरी, ती बाजारातून आणलेलीच. दुधाचा तर काही भरवसाच राहिला नाही. भरल्या कासेच्या गाई एका दिवसात ओसरल्या. कास सुजलेली नाही, कडक नाही, उलट लोळागोळा झाल्यासारखी मऊ, आणि सडांतून जे यायचं ते दाटसर, पिवळट, पुवासारखं. एका गाईच्या दुधात लालसर झाक होती. अक्का ते दूध फडक्यातून गाळायची, फडक्यावर तांबूस तंतू राहायचे. डेअरीच्या केंद्रावरून ते परत यायला लागलं तशी सासूबाईंनी त्याचा खवा आटवायला घेतला. चुलीवर कढई, त्यात ते गुलाबी दूध, त्यावर साखर. राजूरला जत्रेच्या दिवसांत पेढेवाले खवा घ्यायचेच.

"लोक देवाचा प्रसाद म्हणून खातात तो," मी म्हणाले.

"आटवल्यावर सारं शुद्ध होतं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्या दिवसापासून घरातलं दूध तोंडाला लावलं नाही. आटवल्यावर रोग मरतही असेल, पण ती कढई मी डोळ्यांनी पाहिली होती.

शेवटी माझ्या नवऱ्यानं राजूरच्या सरकारी दवाखान्यातून जनावरांचे डॉक्टर आणले. वार अडकलेल्या गाईच्या अंगात त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला, आणि जे बाहेर आलं त्याच्या वासानं मामंजीसुद्धा खाटेवरून उठून गेले. डॉक्टर मात्र शांतपणे काम करत राहिले. मंग हात धुवायला त्यांनी हौदाकडं बघितलं आणि म्हणाले, "विहिरीचं पाणी आणा." त्या घरात माझ्यासारखं कुणीतरी आलंय, असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्यांनी मामंजींना बसवून विचारायला सुरुवात केली.

"नवीन गाय आणली होती?"

"आणल्ती. चांगली गाय हाय ती."

"आणल्यावर काही दिवस वेगळी बांधली?"

"वेगळी? पाहुणी हाय का ती?"

"उंदीर?"

"कुनाच्या घरी नसतेत?"

"हे डबकं नेहमी असतं? गावातली डुकरं येतात त्यात?"

डुकरं रोज यायची.

"रोगी जनावराच्या मुतातून हे पसरतं," डॉक्टर म्हणाले. "उंदराच्या, गाईच्या, डुकराच्याही. ओलीत जंतू टिकतात. खुराच्या जखमेतून, तोंडातून, डोळ्यांतून आत जातात. माणसालाही होतं. रक्त तपासायला पाठवतो, दुसराही रोग असू शकतो. पण तोवर हे डबकं बुजवा, टाकलेली वासरं पुरा, आणि हाताला भेगा असतील तर बाईंनी धारा काढू नयेत."

ते गेल्यावर मामंजी म्हणाले, "मुतानं रोग होत असता तर सारं गाव मेलं असतं." आणि सगळे हसले. अक्काही हसली.

भाद्रपदात अक्का पडली. थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं. पण ती ओरडायची ती पोटऱ्यांसाठी. पोटरीला नुसता हात लावला तरी किंचाळायची. डोळे लाल झाले, जसे तिखट गेल्यावर होतात. घरचे म्हणाले, पावसाळी ताप आहे. मंग डोळ्यांचं लाल जाऊन पिवळं आलं, आणि सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्या बाईला बोलावलं. तिनं अक्काच्या डोक्यावर काड्यांची माळ घातली, चुन्याच्या पाण्यानं हात धुतले, पाणी पिवळं झालं ते सगळ्यांना दाखवलं. "उतरली बघा." त्या वेळी अक्काची लघवी चहाच्या काढ्यासारखी होती आणि तीही दिवसाकाठी ओंजळभर. मीच भांडं उचलत होते. त्या खोलीतला वास, तो आजारी गोड वास, मला अजून आठवतो. मला सांगायला लाज वाटत नाही, मी भांडं उचलायची ते डोळे मिटून.

मी नवऱ्याला म्हणाले, "ही मरेल. आजच जालन्याला न्या."

"दादा न्हाई म्हणतेत. माळ घातलीय, उतरंल म्हणतेत."

"तर मग मी नेते."

तो जीप बघायला गेला.

जालन्याच्या डॉक्टरांनी अक्काच्या पोटऱ्या दाबल्या, डोळे बघितले, आणि मंग तिचे हात उताणे करून बराच वेळ बघत बसले. "घरी गुरं आहेत का?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. हौद, उंदीर, टाकलेल्या गाई, नालीतलं वासरू. डॉक्टर म्हणाले, "हे माणसालाही होतं, असं आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

अक्का वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती, अंगावरचं सगळं मांस गेलं, पण वाचली. ती तिथं असतानाच गाईंच्या रक्ताचा निकाल आला. लेप्टोस्पायरोसिस. जनावरांच्या डॉक्टरांनी घरी येऊन मामंजींना समजावलं की आजारी गाय बरी दिसली तरी कितीतरी दिवस मुतातून जंतू टाकत राहते. सगळ्या गाईंना इंजेक्शनं द्यावी लागतील, कुणी विकू नका, कुणाला वळू लावू नका. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मला वाटलं, चला, एक बाई मरता मरता वाचली, आता तरी यांना कळलं.

आणि इथून पुढचं जे आहे ना, त्याची मला खरी किळस आहे. चिखल, वार, कुजकं वासरू, हे सगळं निसर्गाचं. धुतलं की जातं.

अक्का घरी येऊन अंथरुणावरच होती. एका सकाळी मी उठले तर गोठ्यात गडबड. बाजारातून आणलेली ती गाय धुवून चकचकीत केलेली, शिंगांना तेल. तिच्यापुढं एक वासरू. आमच्या गोठ्यात त्या वर्षी वासरूच नव्हतं जिवंत. थोरले दीर त्या वासराच्या अंगाला मीठ आणि गूळ चोळत होते. गाय ते चाटत होती, आणि लांबून कुणालाही वाटावं, काय माया आहे! कास भरून यावी म्हणून आदल्या संध्याकाळची धार काढलेली नव्हती, आणि कोनाड्यात पान्हवायच्या इंजेक्शनची सुई ठेवली होती.

"हे काय करून राह्यले?" मी नवऱ्याला विचारलं.

"गिऱ्हाईक येनार हाय," तो खाली बघत म्हणाला. "जालन्याचा दूधवाला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दादांनी ठरवलंय."

दीरांची बायको भिंतीपलीकडं पडलेली होती. हाडं वर आलेली, उठून बसताना धरावं लागत होतं. आणि तिचा नवरा त्याच गाईला सजवत होता.

दूधवाला आला. मध्यम वयाचा, दाढी राखलेला मुसलमान माणूस, सायकलीचे दिवस मागं टाकून आता चार म्हशींचा धनी झालेला. बोलताना कळलं, जुन्या जालन्यात आमच्या बोळापासून दोन गल्ल्या पलीकडं त्याचा गोठा. मी चहा घेऊन गेले. तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत होता, मामंजी तिचे गुण सांगत होते. "पयलं वेत हाय. वासरू बघा कसं दांडगं. दुधाला बिलकुल खोट न्हाई."

दूधवाल्यानं कप घेतला आणि म्हणाला, "भाभी, आप जालने के हैं बोलते."

"हौ," मी म्हणाले. आमच्या बोळात निम्मी घरं उर्दू बोलणारी, माझ्या तोंडात ती भाषा होतीच. आणि मग मी बोलून गेले. "भाई, ये बछड़ा इसका नै है. इसने पेट गिराया. इसकी बीमारी से मेरी जेठानी मरते मरते बची. मत लो."

त्याचा हात गाईच्या पाठीवर होता, तो त्यानं काढून घेतला. वासराजवळ गेला, त्याच्या मानेवरून बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं. मीठ. मंग तो कप खाली ठेवून मामंजींकडं वळला.

"बड़े मियाँ," तो शांतपणे म्हणाला, "मेरा दूध छोटे छोटे बच्चे पीते हैं."

एवढंच. आणि निघून गेला.

मामंजींनी माझ्याशी थेट बोलणं त्या दिवसापासून सोडलं, ते कायमचं. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचे. दीर मात्र अंगावर धावून आले, नवरा मधे पडला. खोलीत आल्यावर नवरा म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला खोलीत कोंडून चहा स्वतः नेला असता."



मला वाटलं होतं, निदान अक्का माझ्या बाजूनं असेल. मी तिला पेज भरवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं.

"मोठी धर्माची आली," ती म्हणाली. आवाज अजून क्षीण होता, पण राग पुरता. "जात होती ना ती गाय? जाऊ द्यायची. आता ती ह्याच घरात मुतनार, अन् तिच्याखाली बसायला पुन्हा मीच. तू बसणार का, शेठाणी?"

ती खरं बोलत होती. दूधवाल्याचं दूध पिणारी मुलं वाचली होती, अक्का त्या गाईतून सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले. जनावरांच्या डॉक्टरांकडून खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे मागून आणले होते. ते हातात पार सुळसुळायचे, सड धरवायचा नाही, तरी मी धार काढली. गाईनं लाथ मारली, बादली सांडली, मी शेणात बसले. नवऱ्यानं दुकानातून सुट्टी काढली आणि आम्ही दोघांनी घणानं हौदाचा तो झिरपता कोपरा फोडून काढला. आतून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही. डबक्यात मुरूम ओतला. पेंडीची पोती फळ्यांवर चढवली. औषध सासूबाईंनी शेवटपर्यंत घालू दिलं नाही, मग मी जालन्याहून पिंजरे आणले, आणि पकडलेले उंदीर पाण्यात बुडवताना त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची. सासूबाईंना ते दिसायचं. त्या देवघरात निघून जायच्या.

गाईंना इंजेक्शनं दिली. दोन पुढं नीट व्यायल्या. एक कधीच गाभण राहिली नाही. बाजारची ती गाय शेताच्या टोकाला वेगळी बांधली, ती तिथंच म्हातारी झाली. बाजारात आमच्या घराचं नाव खराब झालं ते झालंच. कितीतरी दिवस आमच्या दावणीचं चांगलं वासरूसुद्धा कुणी बघायला येत नव्हतं. दीर त्याचं खापर माझ्यावर फोडायचे. मीठ चोळलेल्या त्या वासराबद्दल मात्र घरात कुणी एक शब्द काढला नाही.

लोक म्हणतात, काम करता करता किळस मरते. माझी मेली नाही. मी पुढं बरीच वर्षं धारा काढल्या, पडलेली वार पुरली, नाल्या धुतल्या, आणि प्रत्येक वेळी आधी नाकाला पदर बांधला. शेणाचा वास मला कधी गोड वाटला नाही. लोकांना वाटतो म्हणे.

अक्का उठून हिंडायला लागल्यावर गोठ्याच्या दारापर्यंत यायची. उंबरा ओलांडायची नाही. पायात नवऱ्याचे जुने बूट, हात पदरात गुंडाळलेले. पहिले काही दिवस नुसती उभी राहायची आणि मी काय चुकते ते बघायची. एका संध्याकाळी मी गाईखाली बसले होते, गाय अंग चोरत होती, दूध उतरत नव्हतं.

"अंगठा दाबू नको आत," अक्का दारातून म्हणाली. "मुठीनं धर. दुखतंय तिला."

मी मूठ करून धरलं. दूध पांढरं होतं. अक्का तिथंच उंबऱ्याबाहेर दगडावर बसली आणि बादली भरेपर्यंत मला शिव्या घालत राहिली.